उघाडी

आमच्या सोसायटीत खताच्या तीन पेट्या आहेत,
जिथं पूर्वी दोन स्कूटर उभ्या असायच्या.
त्यातली वाघमोडेंची नऊ वर्षं सुरू झालेली नव्हती,
तरी सभेत त्यांनी विचारलं,
पार्किंग काय कुणाच्या बापाचं आहे?
इतिवृत्तात मी लिहिलं : चर्चा झाली.

आता रोज साडेसातला शिट्टी.
ओला, सुका, आणि लाल खुणेची पुडी वेगळी.
करावे गावातून चालत येते यमुना भोपी,
बादलीचं झाकण उचलते,
आणि भेंडीच्या देठांखाली लपलेलं
दुधाच्या पिशवीचं कापलेलं टोक
बरोबर तिच्या चिमटीत येतं.
"तिसरा माला, तुमचा हे परत घ्या."
कुणाच्या बापाला न ऐकणाऱ्या ताई
गाऊनवर ओढणी घेऊन खाली उतरतात.

मी निवृत्त. मला वेळ असतो.
सोनमोहराचा वाळका पाला मी पोत्यात भरून आणतो,
कुणी काडी लावायच्या आत.
एक थर ओला, एक थर पाला, वर आंबट ताक.
पहिल्या महिन्यात अळ्या झाल्या.
दुसऱ्या महिन्यात तळमजल्यावरच्या कुट्टींचा अर्ज,
वासाच्या वेळा लिहून, तारीखवार.
पेटीत वाकून बघत यमुना म्हणाली,
पानी कोंडलंय नुसता. त्याला वाट द्या.

मग तिनंच सुताराकडून तळाशी एक फळी बसवून घेतली,
वरच्या अंगाला बिजागरी.
आतून दाब आला की उघडते,
बाहेरून ढकललं की मिटते.
सुतारानं विचारलं, ही कसली खिडकी?
"उघारी," ती म्हणाली.
"माज्या बापाशीची व्हती. इथंच."

इथंच म्हणजे कुठं, हे सुतारानं विचारलं नाही.
मीही नाही. मला ठाऊक होतं.
त्र्याऐंशी साली याच खाजणात
सिडकोचे गमबूट घालून मी साखळी ओढली,
लाल टोकाच्या खुंट्या मारल्या,
दर तीस मीटरवर एक.
बांधावर एक माणूस उकिडवा बसून बघत होता.
चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या त्यानं मला दाखवल्या,
आणि विचारलं,
साहेब, उधानाचा पानी मंग जाल कुठं?
मी नकाशा उलगडून बघितला.
उधाणासाठी त्यात खूण नव्हती.
पुढच्या वर्षी पारसिकचा डोंगर
डंपर-डंपरनं आला
आणि खाचरांवर बसला.

वहीत त्याचं नाव असेल. वही मी कार्यालयात जमा केली.
तो भोपीच होता की आणखी कुणी,
चाळीस वर्षांनी चेहऱ्यावरून सांगता येत नाही,
आणि यमुनाच्या चेहऱ्याकडे
मी तेवढा वेळ बघत नाही.

पंचेचाळिसाव्या दिवशी फळी उचलली.
छत्तीस घरांची सालं, देठं, चहाचा चोथा
यांचं मिळून अडीच बादल्या काळं काहीतरी.
कुट्टींच्या नारळाची शेंडी तेवढी
होती तशीच, चिवट.
वाघमोडे रिकामा श्रीखंडाचा डबा घेऊन आले,
कढीपत्त्यासाठी हवंय म्हणाले, स्कूटरचं नाव न काढता.
यमुनानं मूठ भरली, दाबली, उघडली.
ढेकूळ राहिलं नाही, सुटून पसरलं तळव्यावर.
"भात नाय व्हनार यान," ती म्हणाली.
"मिरची व्हल."

गेटजवळ एक चौकोन आहे,
फरशी बसवायची राहून गेलेला.
मी तिथं कुदळ मारली.
वीतभर खाली खण्णकन पारसिक लागला.
एक बादली ओतली, ती दिसेनाशी झाली.
दुसरी ओतली.
अर्धी उरली होती, ती मी
वाघमोडेंसाठी, कुट्टींसाठी, कुणासाठी तरी
बाजूला ठेवायला निघालो.

यमुना कंबरेवर हात ठेवून उभी होती.
"कामेरकर," ती म्हणाली, काका न म्हणता,
"अजून टाका."